एकविसावी गोळी

भाद्रपदातली संध्याकाळ. अंबाजोगाईच्या बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलगी काउंटरच्या कडेला उभी होती. आधीची दोन पुरुष गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती बामच्या डब्यांवरची नावं वाचत राहिली. मग पुढं सरकली, आवाज खाली आणला. "काका, ते पुढं ढकलायच्या गोळ्या द्या ना. महालक्ष्म्या बसायल्यात घरी." काकांना पुढचं काही विचारावं लागलं नाही. या दिवसांत हे मागणं रोजचंच. "किती दिवसांच्या?" "सात." त्यांनी दहा-दहा गोळ्यांच्या दोन पट्ट्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळल्या, वर रबर चढवलं आणि पुडी काचेवरून पुढं सरकवली. मुलगी बोटांवर मोजत होती. दिवसाला तीन, सात दिवस, सात त्रिक एकवीस. "काका, एक कमी पडतीय." आणि मग जरा थांबून, "आन् मधीच एखादी राहिली तर?" तेवढ्यात पायऱ्या चढून आणखी एक माणूस आत आला. मुलीनं पुडी पर्समध्ये टाकली आणि उत्तर न घेताच निघाली.

प्रश्न तिथंच काचेवर राहिला.

त्या पट्टीवर नाव असतं नॉरएथिस्टेरॉन, खाली पाच मिलिग्रॅम. पाळीच्या अंदाजाच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करायची, सकाळ-दुपार-रात्र, आठ-आठ तासांच्या अंतरानं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर हे छपरासारखं असतं. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक त्याला टेकू देऊन धरतं, महिन्याच्या शेवटी शरीर तो टेकू काढून घेतं आणि अस्तर खाली येतं, तीच पाळी. ही गोळी बाहेरून आणलेला टेकू आहे. गोळ्या चालू तोवर छप्पर उभं, बंद केल्या की दोन-तीन दिवसांत खाली. म्हणून मधली एखादी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी. एक गोळी राहिल्यानं फार तर डाग दिसतो. सलग दोन-तीन राहिल्या तर टेकू कलतो आणि थेंबथेंब रक्त सुरू होतं, ते पाळीसारखं चार दिवसांत आटोपतही नाही. मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणं, चिडचिड हे सोबतीला असू शकतं. कधी रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, दिवस गेल्याची शक्यता असेल, किंवा अंगावरून जाण्याचं कारणच कळलेलं नसेल, तर ही गोळी घ्यायचीच नाही. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायला हवी. आपल्याकडं ती महालक्ष्म्यांच्या आधी, लग्नसराईत, पंढरीच्या वारीच्या तोंडावर रबर लावलेल्या पुडीतून मिळते.

हीच गोळी, हेच नाव, २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर गाझातल्या बायका औषधांच्या दुकानात शोधत होत्या. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं, काही आठवड्यांत बावीस-तेवीस लाखांच्या वस्तीतले बहुतेक लोक घराबाहेर पडले. शाळांच्या वर्गांत, नातेवाइकांच्या एकेका खोलीत, नंतर तंबूंत. त्यांच्यात पाळीच्या वयाच्या बायका-मुली सुमारे सात लाख होत्या, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सांगितलं. महिन्यातले पाच दिवस धरले, तर कुठल्याही एका दिवशी लाखाहून जास्त जणींची पाळी चालू. पॅड संपले होते, साधी वेदनाशामक गोळी मिळेना, पण काही दुकानांत पाळी लांबवणाऱ्या गोळ्या अजून शिल्लक होत्या, कारण एरवी त्यांना एवढं गिऱ्हाईक नसायचं. त्या घेणाऱ्या बायकांपुढं पूजा नव्हती, लग्न नव्हतं. एका खोलीत वीस-तीस माणसं, पाण्याचा पत्ता नाही आणि संडासाच्या रांगेत तास-दीड तास. पाळी यायला जागाच उरली नव्हती, म्हणून ती ढकलायची.

अंबाजोगाईच्या मुलीला तारीख माहीत होती. महालक्ष्म्या तीन दिवसांच्या पाहुण्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. गोळ्या कधी बंद करायच्या हे पंचांगात छापलेलं आहे. युद्धाला विसर्जनाचा दिवस नसतो. गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे तंबूतल्या बाईला कुणी सांगायचं?

पाळीला जागा लागते म्हणजे नेमकं काय लागतं, हे घरात राहणाऱ्याला सहसा दिसत नाही, कारण घर ते न बोलता पुरवत असतं. कपडा वापरणारीचंच बघू. कपडा सुती हवा आणि जुना हवा. नवं सूत खळीमुळं पाणी लवकर पीत नाही. आपल्याकडं त्यासाठी विटलेलं सुती लुगडं असायचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. हातभर चौकोनी धडुतं फाडायचं, उभ्या घड्या घालत तीन बोटं रुंद आणि वीतभर लांब करायचं. घडी आठ पदरांच्या आसपास भरली पाहिजे. कमी पदर झाले की लगेच पलीकडं फुटतं, जास्त झाले की मांड्या सोलतात. निकर असेल तर त्यात बसतं, नसेल तर कमरेच्या नाडीत पुढून-मागून खोचायचं. चार ते सहा तासांनी बदलायचं. काढलेलं फडकं आधी थंड पाण्यात अर्धा तास. गरम पाणी घातलं की रक्तातली प्रथिनं धाग्यात शिजून बसतात आणि डाग कायमचा. मग साबण, मग पाणी निवळ येईपर्यंत खळबळायचं. मग वाळवणं, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. उघड्या उन्हात दोन-तीन तास कडक वाळलं पाहिजे. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्याखाली, पलंगाखाली, न्हाणीच्या सांदीत वाळतं, म्हणजे वाळतच नाही. आतल्या पदरात ओल राहते, बुरशी धरते, पुढच्या महिन्यात खाज आणि आग. शेवटी कोरड्या पिशवीत, पाली-झुरळांपासून लांब ठेवायचं. दिवसाकाठी चार घड्या नीट धुवायच्या तर दीड-दोन बादल्या पाणी सहज जातं.

यात न्हाणी आली, रांजण आला, वलणी आली, ऊन आलं, आणि अर्ध्या तासाचं कुणी न बघणं आलं. मराठीत या सगळ्याला मिळून एक शब्द आहे, आडोसा. घर सुटतं तेव्हा भांडी, दागिने, कागदपत्रं गेली म्हणून माणसं रडतात. आडोसा गेल्याचं रडता येत नाही, कारण तो कधी वस्तू म्हणून मोजलेलाच नसतो.

तंबूत यातलं एकेक कसं तुटतं ते बघा. डिसेंबर २०२३ मध्ये युनिसेफनं सांगितलं की गाझाच्या दक्षिणेत नव्यानं येऊन पडलेल्या मुलांना दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी मिळतंय, पिण्या-धुण्यासकट सगळ्याला. नुसतं जगायलाच तीन लिटर लागतं. त्याच सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब होता, सरासरी २२० माणसांमागं एक संडास आणि ४,५०० माणसांमागं एक अंघोळीची जागा. दीड लिटरमध्ये काय धुवायचं? मग बायका समुद्रावर गेल्या. खाऱ्या पाण्यात साबण फेस धरत नाही. आपल्याकडं बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, हात चिकट होतात आणि कपडा करकरीत राहतो, त्याच्या कितीतरी पट. शिवाय धाग्यात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून वाळलेला कपडा संध्याकाळी पुन्हा दमट लागतो, आणि तो खरखरीत कपडा ओल्या कातडीवर दिवसभर घासतो. वाळत घालायचं तर तंबूच्याच दोरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. अनेक बायका नमाजाच्या वेळी घालायचा पायघोळ झगाच रात्रंदिवस अंगात ठेवत होत्या. कधी निघावं लागेल सांगता येत नाही, आणि परक्या पुरुषांपासूनचा आडोसा तेवढाच उरलेला. तो झगा डागाळला तर बदलायला दुसरा कुठून आणायचा?

तंबूच्या कापडाचे तुकडे कापून बायका पॅडसारखे वापरतात, ही बातमी तेव्हाचीच. वाचताना अंगावर काटा येतो आणि आपण पान उलटतो, पण त्यातला तांत्रिक भाग समजून घेतला पाहिजे. तंबूचं कापड पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेलं असतं. त्यावर लेप असतो. जे पाणी घेत नाही ते रक्तही घेत नाही. रक्त त्यावरून ओघळतं, कडेनं बाहेर येतं, आणि कडा चाकूसारख्या लागतात. म्हणजे जी वस्तू छप्पर म्हणून दिली, तिचं छप्पर कमी करून तिच्याकडून तिला न जमणारं काम करून घ्यायचं. असल्या तुकड्यांनी जखमा होतात, जखमांवर तोच तुकडा पुन्हा. सरासरी पाळीत रक्त जातं तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. ऐंशीच्या वर गेलं तर जास्त म्हणायचं. एवढ्याशा रक्तासाठी एवढी वणवण.

मदतीच्या पेट्यांत पॅड असतात ना, असं कुणीही म्हणेल. असतात. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी पाळीच्या वस्तू, साबण, आतले कपडे, विजेरी, शिट्टी अशी एक पिशवीच वाटतो. शिट्टी आणि विजेरी का, हे रात्री संडासाला जाणाऱ्या मुलीला सांगावं लागत नाही. पण वाटपात चुका कुठं होतात, हे बारकाईनं बघावं. पॅड चिकटतो तो निकरला. निकर नसेल तर पॅड हा नुसता कापसाचा तुकडा. घाईत घराबाहेर पडलेल्या मुलीकडं एकच निकर असते, ती धुतली की त्या दिवशी पॅड निरुपयोगी. म्हणून निकर मोजून, मापं विचारून द्यावी लागते आणि माप विचारायला बाईच लागते. जिथं पुरुष ट्रकवरून पॅड उंच धरून वाटतात तिथं मुली रांगेत येत नाहीत आणि कागदावर 'मागणी नाही' अशी नोंद होते. काळी पॉलिथिनची पिशवी किंवा गडद कपडा सोबत असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. मग फेकायचं कुठं? पॅडच्या आत पाणी पिऊन फुगणारी भुकटी असते आणि खाली प्लास्टिक. सामायिक संडासात टाकला की तो फुगून बसतो, दोन दिवसांत संडास तुंबतो, आणि मग दोनशे माणसांचा राग कुणावर निघतो ते सांगायला नको. झाकणाची बादली आणि दीड-दोन हात खोल खड्डा, एवढं केलं तरी चालतं, पण पेट्या भरणाऱ्यांच्या यादीत खड्डा नसतो. सिलिकॉनचा कप वर्षानुवर्षं टिकतो हे खरं, पण तो दर पाळीआधी पाच मिनिटं उकळावा लागतो आणि हात स्वच्छ लागतात. जिथं भाकरी भाजायला सरपण नाही तिथं कप उकळायचा कशावर?

आपत्तीत काम करणाऱ्या संस्थांनी यासाठी मोजमापं लिहून ठेवली आहेत. स्फिअर नावाची ती पुस्तिका. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. २० माणसांमागं एक संडास, बायकांचे पुरुषांच्या तिप्पट, राहुटीपासून ५० मीटरच्या आत, आतून कडी. पाळीसाठी महिन्याला १५ पॅड, किंवा वर्षाला चार चौरस मीटर सुती कापड, तिला जे हवं ते. वर्षाला सहा निकर. साबण महिन्याला अडीचशे ग्रॅम जास्तीचा. आकडे कोरडे वाटतात, पण "तिला जे हवं ते" आणि "आतून कडी" हे शब्द कुणीतरी भांडून त्यात घातलेले असणार, असं वाचताना सारखं वाटतं. कडी ही पंचवीस-तीस रुपयांची वस्तू. ती नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, अंधार पडायची वाट बघतात, आणि मग लघवीची जळजळ घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहतात.

सगळ्यात एकट्या त्या, ज्यांची पहिलीच पाळी तंबूत येते. बारा-तेरा वर्षांच्या मुली. घरी असत्या तर आईनं, आजीनं, निदान शेजारच्या वहिनीनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं असतं. आपल्याकडं काही घरांत अजून पहिल्या पाळीला मखरात बसवतात, ओटी भरतात, साखर वाटतात. त्या सोहळ्याला नाकं मुरडणारे आहेत, आणि त्यांचंही काही चुकत नाही. पण त्यात मुलीला एक गोष्ट कळायची, की हे रक्त जखमेचं नव्हे. जिथं आजूबाजूला रोज जखमेचं रक्तच दिसतं, तिथल्या मुलीला कपड्यावरचा डाग दिसला की पहिलं काय वाटत असेल? त्यात उपासमार आणि भीतीनं पाळी चुकते, दोन-दोन महिने येत नाही, मग एकदम येते. पहिली दोन वर्षं ती तशीही अनियमित असते. तारखेचा काहीच भरवसा नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं, त्यात अशा मुली किती, त्यांची तर बातमीही धड आपल्यापर्यंत येत नाही.

युद्ध लांबचं आहे, असं मराठवाड्याला म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा तिथं डॉक्टरकीला गेलेल्या आपल्या मुलीही होत्या. इथल्या खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून शेत गहाण टाकून पाठवलेल्या. सुमी शहरात सुमारे सातशे भारतीय विद्यार्थी अडकले. वीज-पाणी बंद पडलं, मुलांनी बादल्यांत बर्फ गोळा करून वितळवला. ८ मार्चला ती मुलं बसनं बाहेर पडली. तो दिवस जागतिक महिला दिन होता. खारकीव्हमधल्यांना २ मार्चला दूतावासानं जमेल तसं, गरज पडली तर पायी, शहराबाहेर पडायला सांगितलं. सर्वांत जवळची गावंसुद्धा काही किलोमीटर लांब. टीव्हीवर आई-बाप विचारत होते, जेवलीस का, फोन चार्ज आहे का. त्या जथ्यात दर पाच-सहा मुलींमागं एकीची पाळी चालू असणार, हा साधा भागाकार आहे. बर्फाच्या त्या बादलीतलं किती पाणी कशाला वापरायचं, याचा निर्णय तिनं एकटीनं घेतला असेल. गोठवणाऱ्या थंडीत, तीन थरांच्या कपड्यांत, उघड्या रस्त्याच्या कडेला पॅड बदलायचा म्हणजे हातमोजे काढायचे, बोटं बधिर होण्याआधी उरकायचं, आणि दोघी मैत्रिणींनी ओढणी नाहीतर ब्लँकेट धरून उभं राहायचं. आडोसा तेव्हा माणसांचा करावा लागतो.

त्याआधीचं युद्ध तर आपल्या अंगणातलंच. रझाकारांच्या धामधुमीत निजामी हद्दीतून कुटुंबंच्या कुटुंबं बार्शीकडं, सोलापूरकडं गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजांची कारवाई झाली आणि त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याकडची मुसलमान कुटुंबं जीव मुठीत घेऊन पळाली. त्यांच्यावर जे गुदरलं ते भारत सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. दोन्ही बाजूंच्या आठवणींत बंदुका आहेत, जळालेले वाडे आहेत, विहिरी आहेत. बैलगाडीत रात्रभर बसून सीमा ओलांडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीनं धडुतं कुठं बदललं, कुठल्या ओढ्यात धुतलं, हे दोन्हीकडं कुणी लिहून ठेवल्याचं पाहण्यात नाही. मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पांवर एवढं बोललं जातं, त्यात हे एक वाक्य असायला हवं होतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर अजून अनेकांच्या डोळ्यांपुढं आहे. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि चारच्या ठोक्याला भूकंपानं किल्लारी, सास्तूर, आणि भोवतालची गावं दगडमातीखाली. वरून पाऊस. मग पत्र्याच्या शेड. देशभरातून कपड्यांचे ढीग आले, त्यात नायलॉनच्या साड्या ढिगानं. नायलॉन काही शोषत नाही. लातुरात सुती धडुत्याला तेव्हा काय किंमत आली असेल, हे ज्या बायकांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ष काढलं त्याच सांगू शकतील. आणि छावणी हा शब्द तर आपल्याला गुरांमुळं जास्त ओळखीचा. दुष्काळात बीड-जालन्याकडं चारा छावण्या लागल्या की जनावरांमागं बायका-पोरीही तिथंच राहायच्या. जनावरांचा चारा-पाणी किलो-लिटरमध्ये ठरलेलं. माणसांच्या न्हाणीचं ठरलेलं नाही.

आणि दर दिवाळीच्या आगेमागे जे होतं, त्याला युद्ध कुणी म्हणत नाही. बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातून ऊस तोडायला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. फडाजवळ कोप्या म्हणजे झोपड्या, पहाटे तीन-चारला उठणं, थंडीत दवानं ओल्या उसात शिरणं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी पाटाचं किंवा शेतमालकाच्या मर्जीचं. फडात बदलायला वेळ नाही, संध्याकाळी वाळवायला ऊन नाही. एक दिवस बसलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. वयात आलेली लेक गावाकडं कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तीही कोपीत. आणि मग पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला सांगितलं जातं की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेक जणी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या.

महालक्ष्म्यांसाठी सात दिवस, तंबूत जमेल तितके दिवस, आणि फडात कायमचं. ढकलण्याचेच तीन प्रकार. तिन्ही ठिकाणी जागा बदलणं कुणालातरी महाग, अशक्य किंवा गैरसोयीचं वाटलं, आणि बाईचं शरीर बदलणं सोपं वाटलं. गोळीची गोष्ट तरी परतीची आहे, टेकू काढला की पाळी पुन्हा येते. पिशवी गेली ती गेली, सोबत अंडाशयही काढलं असेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात, तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाचे वाफारे सुरू होतात, कंबर धरून उसाची मोळी तशीच उचलावी लागते. कोपीशेजारी पत्र्याची एक न्हाणी, आतून कडी, दोन बादल्या पाणी आणि पगारी दोन दिवस, याचा खर्च त्या ऑपरेशनच्या बिलापुढं किती आहे, हा हिशेब कारखान्यानं, मुकादमानं आणि सरकारनं एकदा समोरासमोर बसून करावा. बायकांनी तो कधीच केलेला आहे.

मेडिकलच्या काचेवर राहिलेल्या त्या प्रश्नाला खरं तर त्याच संध्याकाळी उत्तर मिळालं होतं. मुलगी पायऱ्या उतरत होती, तेव्हा खाली वातीचे पुडे आणि हळद-कुंकू घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला हाक मारली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. "एकच कमी हाय ना बाई? कमी तर कमी. आन् राहिली मधी, तर राहिली. डाग दिसला तर कडंला व्हायचं, न्हाणीत जायचं, दुसरं नेसायचं. घरीच हायस की तू."

मुलगी हसली, पर्सची चेन लावली आणि रिक्षात बसली.